टिचकीची शेगडी

(वॉटरफोर्ड येथे आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. नंतर बऱ्याच जणांनी "ते पिशवीचं नीट लिहून द्या" असं सांगितलं, म्हणून दिवाळी अंकासाठी थोडं नीटनेटकं करून देत आहे. हा अंक हातात पडेल तेव्हा थंडी दाराशी आलेलीच असेल.)



मला वीस मिनिटं दिली आहेत आणि माझ्यानंतर गुळाच्या पोळ्या आहेत. त्यामुळे वेळ पाळण्याचं महत्त्व मला कोणी समजावून सांगायला नको.

सुरुवात एका प्रयोगाने करते. ही बघा, माझ्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी आहे, तळहाताएवढी. आत पाण्यासारखं काहीतरी आहे आणि त्यात एक छोटी धातूची चकती पोहते आहे. पहिल्या रांगेतल्या काकू, जरा हात लावून बघा. गार आहे ना? आता मी ही चकती बोटांनी वाकवते. टिक्! बघा, चकतीपासून पांढरं चांदणं पसरायला लागलं. दहा-पंधरा सेकंदांत सगळी पिशवी पांढरी होईल. काकू, आता हात लावा. चटका बसल्यासारखं झालं की नाही? आता ही पिशवी मागे फिरवत फिरवत शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या आणि माझ्याकडे परत येऊ द्या. ती परत येईपर्यंत मी बोलते.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत ही वस्तू आली आहे. दुकानात हिला 'हँडवॉर्मर' म्हणतात. आमच्या घरी हिचं नाव 'टिचकीची शेगडी'. हे बारसं माझ्या वडिलांनी केलं. आज मी जे सांगणार आहे ते एका अर्थी त्यांच्यामुळेच, आणि त्यात माझी एक चूकही आहे. ती चूक आज या खोलीतल्या कोणाच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठीच मी हा विषय घेतला.

माझे वडील निफाडचे. नाशिक जिल्ह्यातली मंडळी लगेच हसली! महाराष्ट्रात थंडी पडली की पेपरात निफाडचं नाव येतं, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती खाली गेला त्याची बातमी येते. बाबा तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर एकदा डिसेंबरात तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. निघायच्या आधी मी फोनवर म्हटलं, "बाबा, इथे थंडी असते हं." तर म्हणाले, "अगं, थंडीचं कौतुक मला सांगतेस? मी निफाडचा!"

आले आणि चौथ्या दिवशी निफाडने हात टेकले. आकडे पाहिले तर वॉटरफोर्डची थंडी निफाडपेक्षा काही फार वेगळी नाही. अटलांटिक महासागराच्या कृपेने इथे हिवाळ्यातही दुपारी सात-आठ अंश असतात आणि बर्फ क्वचितच टिकतो. २०१८ च्या मार्चमधलं ते 'एमा' वादळ ज्यांनी पाहिलं त्यांना ते अजून आठवतं, कारण तसं रोज होत नाही. मग बाबांना एवढं गारठायला का झालं? एक म्हणजे ऊन. निफाडला पहाटे पारा घसरला तरी दहा वाजता ओट्यावर ऊन येतं, पाठ शेकून निघते. इथे डिसेंबरात साडेआठनंतर उजाडतं आणि सव्वाचारला पुन्हा अंधार. दुसरं म्हणजे दमट हवा आणि वारा. शूर नदीवरून येणारा तो ओला वारा क्वेच्या बसस्टॉपवर ज्याने खाल्ला आहे त्याला मी काय सांगणार? भिजलेला हातमोजा हा नुसता असून नसल्यासारखा नाही, तो नसलेलाच बरा, कारण ओलं कापड हातातली ऊब भराभर ओढून घेतं.

आणि थंडी सगळ्यात आधी बोटांनाच का? तर शरीराचा हिशोब अगदी व्यवहारी असतो. गारठा वाढला की शरीर म्हणतं, आधी हृदय, फुप्फुसं, मेंदू सांभाळा, बोटांचं नंतर बघू. मग हातापायांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथलं गरम रक्त कमी होतं. म्हणून पहिला सल्ला असा की बोटं गार पडत असतील तर आधी छाती, पाठ, कान आणि डोकं झाका. स्वेटर न घालता नुसती हातात गरम पिशवी धरणं म्हणजे छप्पर गळत असताना जमीन पुसत बसणं. आतून अंग गरम असेल तर शरीर स्वतःच बोटांकडे रक्त पाठवतं, पिशवी त्याला हातभार लावते इतकंच.

तर बाबा रोज सकाळी नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जायचे. परत आले की पंधरा मिनिटं हात चोळत बसायचे. मी दोन पिशव्या आणल्या, अशाच. बाबांनी पहिल्यांदा टिचकी मारली, पिशवी पांढरी झाली, गरम झाली, आणि शिक्षक जागा झाला. मला म्हणाले, "हे गोठलं ना गं? पातळ होतं ते घट्ट झालं. मग गोठताना गरम कसं झालं? गोठतं ते गार व्हायला पाहिजे!"

मंडळी, मी इथल्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. उत्तर मला ठाऊक होतं. पण बाबांनाही ठाऊक आहे, त्यांना ते माझ्याकडून ऐकायचं आहे, हेही मला ठाऊक होतं! चाळीस वर्षं त्यांनी मुलांना हाच धडा शिकवला होता, 'अप्रकट उष्मा'. आज तोच धडा मी तुम्हाला देते, पण स्वयंपाकघरातून.

या पिशवीत आहे सोडियम ॲसिटेट. घाबरू नका, हे आपल्या ओळखीचंच आहे. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घातला की फसफसतं ना, ते शांत झाल्यावर पाण्यात जे उरतं ते सोडियम ॲसिटेट. मुलांनो, तुम्ही जे सॉल्ट अँड व्हिनेगरचे वेफर्स खाता, त्याच्या पाकिटावर पुष्कळदा 'ई २६२' असं लिहिलेलं असतं. ते याच घराण्यातलं. म्हणजे पिशवी फुटली तर विष सांडलं म्हणून धावपळ नको. हात धुवावेत, पिशवी टाकून द्यावी. अर्थात वेफर्ससारखं खाऊही नये!

या सोडियम ॲसिटेटच्या स्फटिकांमध्ये थोडं पाणी अडकलेलं असतं आणि असे स्फटिक ५८ अंशांना वितळतात. पिशवी उकळत्या पाण्यात ठेवली की घट्ट स्फटिकांचं पातळ होतं. आता घट्टाचं पातळ करायला उष्णता लागते, आणि ती उष्णता तापमान वाढवण्यात जात नाही, नुसतं वितळवण्यात जाते. म्हणून तिला अप्रकट म्हणायचं, दिली तर आहे पण थर्मामीटरला दिसत नाही. हे पहिल्यांदा नीट मोजून सांगितलं जोसेफ ब्लॅक याने, १७६० च्या आसपास, ग्लासगोला. आपल्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे हा ब्लॅक मूळचा आयरिश घराण्यातला. वडील बेलफास्टचे, फ्रान्समध्ये बोर्डोला वाइनचा व्यापार करायचे, मुलगा तिथे जन्मला आणि शाळेसाठी बेलफास्टला परत धाडला. म्हणजे परदेशात मुलं वाढवायची आणि शिक्षण मात्र आपल्याच मुलखात व्हावं असं म्हणायचं, ही ओढाताण काही फक्त मराठी माणसाची नाही!

पुढची गंमत अशी. वितळलेली पिशवी गार होऊ द्या. नियमाने ५८ च्या खाली आली की तिने पुन्हा गोठायला हवं. पण ती गोठत नाही! चाळीस अंश, वीस अंश, खिशात दहा अंशांपर्यंत गार झाली तरी पातळच. का? आपली पंगत आठवा. पानं वाढली आहेत, वरण-भातावर तूप पडलं आहे, भूक लागली आहे, पण कोणीतरी पहिला घास घेतल्याशिवाय कोणी हात लावत नाही. तसंच हे. स्फटिक व्हायला पहिला स्फटिक लागतो. तो नसेल तर सगळे कण एकमेकांकडे बघत बसतात.

पहिला स्फटिक म्हणजे काय हे आज संक्रांतीच्या दिवशी वेगळं सांगायला नकोच. हलवा कसा करतात? परातीत तीळ घ्यायचे, खाली मंद आच, आणि साखरेचा पाक थेंब थेंब सोडत बोटांनी हलवत राहायचं. पाकातली साखर तिळावर बसते, तिच्यावर पुढची बसते, आणि हलव्याला काटा येतो. तीळ नसता तर साखर बसणार कुठे? खडीसाखरेत दोरा असतो तो याचसाठी. आणि विरजण तर रोजचंच. पातेल्याच्या काठाला चमचाभर दही राहिलं असेल तर सगळ्या दुधाचं दही होतं. ही धातूची चकती म्हणजे या पिशवीचं विरजणाचं भांडं. तिच्यावर बारीक बारीक चिरा असतात आणि त्या चिरांमध्ये अगदी सूक्ष्म स्फटिक दबून राहतात, उकळल्यावरही ते सगळे वितळत नाहीत, असं मानलं जातं. चकती वाकवली की त्यातला एखादा सुटतो, पातळात येतो आणि पंगत सुरू!

कण रांगेत बसायला लागले की वितळताना घेतलेली उष्णता परत देतात. म्हणजे ही उधारीची फेड आहे. काल रात्री गॅसवर आपण पिशवीला जी उष्णता दिली, तीच आज सकाळी बसस्टॉपवर ती आपल्याला परत करते. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर हेच. गोठताना गार होत नाही, गोठताना साठवलेलं सोडावं लागतं.

हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "मग हे आमच्या द्राक्षवाल्यांना कधीचं माहीत आहे." निफाडला थंडीची लाट आली की द्राक्षाचे मणी तडकतात. म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे पाणी सोडतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. आणि जिथे खरोखर हिमकण पडतात अशा देशांत फळबागांवर रात्रभर पाण्याचे फवारे मारतात. ते पाणी कळ्यांवर गोठतं, आणि गोठताना जी उष्णता सोडतं तिच्यामुळे आतली कळी शून्याच्या फार खाली जात नाही. बर्फाने कळी वाचते! हीच टिचकीची शेगडी, फक्त एकरभर.

आपल्या वॉटरफोर्डलाही या विषयात मान आहे. इथून जवळच, आपल्याच काउंटीत, लिस्मोरच्या किल्ल्यात २५ जानेवारी १६२७ रोजी रॉबर्ट बॉइल जन्मला. वायूंचा 'बॉइलचा नियम' शाळेत सगळ्यांनी घोकला आहे. पण त्याने १६६५ मध्ये एक अख्खं पुस्तक फक्त थंडीवरच्या प्रयोगांचं लिहिलं, हे कमी जणांना माहीत असतं. पुढे इंग्लंडमध्ये राहून लिहिलं खरं, पण लहानपणी थंडी खाल्ली ती इथलीच, असं मी माझ्या मुलाला अभिमानाने सांगते.

आणि क्रिस्टल! पाहुणे आले की आपण त्यांना मॉलवरच्या वॉटरफोर्ड क्रिस्टलच्या कारखान्यात नेतो. पेनरोझ मंडळींनी १७८३ मध्ये सुरू केलेला काचेचा धंदा १८५१ मध्ये बंद पडला, १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाला, २००९ च्या जानेवारीत किलबॅरीचा मोठा कारखाना बंद झाला आणि २०१० मध्ये मॉलवर नव्याने उभा राहिला. आता विज्ञानाच्या दृष्टीने पाहिलं तर त्या सुंदर फुलदाणीत क्रिस्टल म्हणजे स्फटिक नाहीच. काच गार होताना तिचे कण रांगेत बसतच नाहीत, जसे विस्कटलेले असतात तसेच थिजतात. खरे क्रिस्टल कुठे आहेत? तुमच्या खिशातल्या या स्वस्त पिशवीत! हे मी इथल्या एका आयरिश शेजाऱ्यांना सांगितलं. दोन दिवस ते माझ्याशी जरा कमीच बोलले.

आता थोडा हिशोब. शंभर ग्रॅम स्फटिकांच्या पिशवीत साधारण पंचवीस किलोज्यूल अप्रकट उष्मा मावतो. म्हणजे चहाचा एक कप पाणी चाळीस अंशांनी तापवायला लागेल तेवढा. हे काही फार नाही, म्हणून छोटी पिशवी अर्धा-पाऊण तास, फार तर तासभर साथ देते. शिवाय पिशवी स्वतः गार असेल तर बराचसा भाग तिला स्वतःला तापवण्यातच खर्च होतो. म्हणून टिचकी मारायच्या आधी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवा, गाडीच्या डिकीत किंवा बाहेरच्या खिशात नको.

बाजारात दुसरी पण एक पिशवी मिळते. पाकीट फोडलं की गरम होणारी, एकदाच वापरायची. तिच्यात लोखंडाचा कीस, मीठ, कोळशाची पूड वगैरे असतं. हवा लागली की लोखंड गंजतं आणि गंजताना ऊब देतं. ती सहा-आठ तास टिकते, पण नंतर सरळ कचऱ्यात. दिवसभर बाहेर उभं राहायचं असेल, कोमेरा डोंगरात चालायला जायचं असेल, तर ती सोयीची. रोजच्या बसस्टॉपसाठी आपली टिचकीचीच बरी. शेकडो वेळा उकळून वापरता येते.

आता उकळायची पद्धत, कारण निम्म्या पिशव्या इथेच बिघडतात. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या. तळाला जुन्या पंचाचा तुकडा घाला, म्हणजे प्लॅस्टिक तापलेल्या धातूला चिकटणार नाही. पाणी उकळलं की पिशव्या सोडा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. पाकिटावर जी वेळ दिली असेल ती पाळा. उजेडाला धरून बघा, आत एकही पांढरा कण दिसता कामा नये. एक जरी राहिला तरी गार होताना तोच विरजण होतो आणि सकाळी दगड हातात येतो. कोपऱ्यातले कण लबाड असतात, तिथे नीट बघा. पिशवी काढायला चिमटा किंवा काटा नको, झारा वापरा. मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही, आत धातूची चकती आहे. मग पिशव्या टॉवेलवर ठेवून शांतपणे गार होऊ द्या. एका वेळी एक उकळण्यापेक्षा घरातल्या सगळ्या एकदम उकळा, गॅस तेवढाच लागतो. आमच्याकडे रविवारी रात्री दिवाळीच्या फराळासारखा हा घाणा निघतो.

आता माझ्या चुकीकडे येते.

मला या पिशवीचं एक कौतुक होतं. ती कधीच ५८ अंशांच्या वर जात नाही, तिचा स्वभावच तसा. निखारा नाही, वायर नाही, ज्योत नाही. म्हणून मी बाबांना म्हटलं, "बिनधास्त वापरा, काही होत नाही." रसायनशास्त्राची पदवी असलेल्या बाईने म्हटलेलं हे वाक्य!

बाबांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. एका रात्री पाय गार पडले म्हणून त्यांनी टिचकी मारून पिशवी मोज्यात सरकवली, वरून दुलई ओढली आणि झोपले. सकाळी माझा मुलगा धावत आला, "आई, आजोबांच्या पायाला फुगा आलाय." अंगठ्याच्या बाजूला सुपारीएवढा फोड होता. आणि बाबा काय म्हणाले माहीत आहे? "छे गं, दुखत नाहीये."

ते 'दुखत नाहीये' ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कारण दुखायला हवं होतं. बरीच वर्षं मधुमेह असलेल्या माणसाच्या पायातल्या नसा हळूहळू बधिर होतात. तुम्हाला-मला चटका बसला की झोपेतही पाय मागे घेतो. त्यांच्या पायाने निरोपच पाठवला नाही. आणि ४४ अंशांच्या वर तापलेली वस्तू सतत टेकून राहिली तर त्वचा भाजू शकते. तापमान वाढेल तसा लागणारा वेळ झपाट्याने कमी होतो. पन्नास-पंचावन्न अंशांची पिशवी, मोज्यात घट्ट बसलेली, वरून दुलई. मी ५८ अंशांना 'कमी' समजत होते, कारण लॅबमध्ये ५८ अंश कमीच असतात. पायाच्या कातडीला ते कमी नाहीत.

जखम भरायला सहा आठवडे लागले. मधुमेहात पायाची जखम चिघळली तर बोट गमवायची वेळ येते, हे डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं आणि आम्ही दोघांनी शांतपणे ऐकलं. दर दोन दिवसांनी ड्रेसिंग. तीन महिन्यांच्या मुक्कामातले सहा आठवडे. ट्रामोरचा किनारा, ग्रीनवेवर किलमॅकथॉमसचा तो जुना रेल्वेचा पूल, सगळं दाखवायचं ठरवलं होतं. बाबांनी खिडकीतून वॉटरफोर्ड पाहिलं. मला एकदाही बोलले नाहीत. उलट म्हणाले, "शिक्षक मी, आणि सूचना न वाचता प्रयोग केला." पण सूचना मी वाचल्या होत्या. मी त्या त्यांना वाचून दाखवल्या नाहीत, कारण त्या इंग्रजीत बारीक अक्षरात होत्या आणि मला घाई होती.

म्हणून मंडळी, आज मराठीत आणि मोठ्या आवाजात सांगते.

पहिलं, झोपताना ही पिशवी अंथरुणात नको. कोणालाच नको.

दुसरं, ज्यांना मधुमेह आहे, पायांना मुंग्या येतात, बधिरपणा आहे, पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांनी पायाला तर लावूच नये. हातात धरायची तर जाड लोकरीच्या मोज्यावरून आणि दर काही मिनिटांनी काढून कातडी बघून. गरम पाण्याच्या रबरी पिशवीलाही हाच नियम.

तिसरं, तान्ही बाळं आणि अगदी लहान मुलं. आपल्याकडे बाळाला शेक द्यायची पद्धत आहे, आजीचा हात शेगडीवर धरलेला असतो आणि तोच बाळाच्या अंगाला लागतो. म्हणजे आधी चटका आजीला कळतो. पिशवीला हात नसतो. बाळगाडीत दुलईखाली ही ठेवू नका.

चौथं, उकळून काढलेली पिशवी लगेच हातात देऊ नका. त्या वेळी ती ५८ च्या बरीच वर असते. ती पूर्ण गार होऊ द्यायची आणि मग टिचकी.

पाचवं, भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली धरा. तूप नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फही नाही. आणि मधुमेह असेल तर फोड लहान दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक, खास करून बायकांसाठी. थंडीत बोटं नुसती गार न पडता एकदम पांढरीफटक पडत असतील, मग निळी आणि ऊब आल्यावर लाल होऊन ठणकत असतील, तर त्याला रेनॉड म्हणतात. मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये ते लिहून ठेवलं. भारतात असताना आपल्याला पत्ताही नसतो, इथल्या पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात कळतं. अशांना ही पिशवी फार उपयोगी पडते, बोटं पांढरी पडायच्या आधी टिचकी मारायची. पण नुसती पिशवी घेऊन गप्प बसू नका, एकदा डॉक्टरांशी बोला. "मला मेली थंडी सोसतच नाही" असं म्हणत वर्षं काढू नका.

बाबा मार्चमध्ये परत गेले. निघताना बॅग भरताना मी पाहिलं, स्वेटरच्या घडीत एक टिचकीची शेगडी गुंडाळलेली. माझा चेहरा पाहून हसले. म्हणाले, "पायाला नाही गं. शाळेत दाखवायला नेतो." आणि खरंच, पुढच्या हिवाळ्यात त्यांनी जुन्या शाळेत जाऊन नववी-दहावीच्या मुलांपुढे टिचकी मारली. फोनवर सांगत होते, मुलांनी तोच प्रश्न विचारला, गोठताना गरम कसं? आणि शेवटी बाबांनी पायमोजा काढून अंगठ्याचा डाग दाखवला. म्हणाले, "प्रयोगाचा हा भाग पुस्तकात नसतो, म्हणून दाखवला."

आता माझी पिशवी कुठवर आली? शेवटच्या रांगेतून परत निघाली का? आणा इकडे. हे बघा, अजून कोमट आहे, पण आता ती पातळ नाही, दगडासारखी घट्ट झाली. एवढ्या हातांना थोडी थोडी ऊब देऊन तिच्याजवळचं संपत आलं. फेकायची नाही. आज रात्री पुन्हा उकळायची, पांढरा कण उरला नाही ना ते बघायचं आणि गार करून दाराजवळच्या कोटात ठेवायची. उद्या सकाळी साडेसातला अंधारात हॉस्पिटलच्या ड्यूटीला निघणाऱ्या कोणाला तरी ती लागणार आहे.

आणि घरी आई-बाबा, सासू-सासरे येणार असतील, तर पिशवी देण्याआधी पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसून हे सगळं सांगा. ते म्हणतील, "आम्हाला काय सांगतेस?" तरी सांगा.

गुळाच्या पोळ्या तव्यावरून निघाल्या आहेत, वास येतोय. त्या गार व्हायच्या आत उठूया.